घरचा सर्व्हर आणि खोपोलीचे पाणी

विद्यार्थी मित्रहो, ‘सर्व्हर’ हा शब्द तुम्ही रोज ऐकता. निकालाच्या दिवशी ‘सर्व्हर बंद पडला’ असे म्हणतात, बँकेत ‘सर्व्हर स्लो आहे’ असे सांगतात. त्यामुळे सर्व्हर म्हणजे काहीतरी प्रचंड आणि गूढ यंत्र असावे अशी आपली समजूत होते. वस्तुतः सर्व्हर म्हणजे इतर संगणकांनी व मोबाइलनी मागितलेली माहिती त्यांना पुरवणारा संगणक, एवढेच. ही सेवा पुरवणारा संगणक तळहाताएवढाही असू शकतो आणि तो तुमच्या घरात किंवा शाळेच्या ग्रंथालयात सुखाने राहू शकतो. घरातील सर्वांची छायाचित्रे, वह्यांच्या प्रती, शाळेच्या प्रश्नपत्रिका, इंटरनेट नसतानाही वाचता येणारा विकिपीडिया हे सारे त्यावर ठेवता येते. ‘किविक्स’ या मोफत प्रणालीमुळे तर संपूर्ण मराठी विकिपीडिया एका लहानशा मेमरी कार्डावर मावतो.

असा सर्व्हर उभारण्याचा उत्साह हल्ली पुष्कळ विद्यार्थ्यांत आणि काही शिक्षकांतही दिसतो. तो स्वागतार्ह आहे. परंतु या उत्साहात पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘प्रोसेसर कोणता?’ आणि दुसरा ‘मेमरी किती?’ माझे मत असे आहे की पहिला प्रश्न ‘वॅट किती?’ हा असला पाहिजे आणि दुसरा ‘तास किती?’ हा. या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली की बाकीची निवड बरीचशी आपोआप होते. हे मत तुम्ही तसेच स्वीकारावे असे मी म्हणत नाही. आपण दोघे मिळून हिशेब करू.

वॅट आणि तास

शक्ती म्हणजे ऊर्जा वापरण्याचा दर, हे तुम्ही शिकला आहात. एक वॅट म्हणजे दर सेकंदाला एक ज्यूल. विजेच्या बिलावर जे ‘युनिट’ असते ते मात्र शक्तीचे नव्हे, ऊर्जेचे माप आहे. १००० वॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट, म्हणजे ३६ लाख ज्यूल ऊर्जा खर्च होते.

आता १५०० वॅटची इस्त्री आणि ६० वॅट घेणारा जुना टेबलावरचा संगणक यांची तुलना करा. इस्त्री पंचवीस पट बलवान दिसते. पण ती रोज पंधरा मिनिटे चालली तर वर्षाला सुमारे १३७ युनिट होतात. सर्व्हर म्हणून कोपऱ्यात ठेवलेला जुना संगणक मात्र दिवसरात्र चालू असतो. वर्षाचे तास ८७६०. त्यांना ६० वॅटने गुणले की सुमारे ५२५ युनिट होतात, म्हणजे इस्त्रीच्या जवळजवळ चौपट! इस्त्री गरम लागते म्हणून आपण तिला भितो आणि कोपऱ्यातला संगणक गप्प असतो म्हणून त्याला विसरतो. बिल मात्र दोघांनाही विसरत नाही. हिशेबाच्या सोयीसाठी युनिटला १० रुपये दर धरला, तर हा गप्प पाहुणा वर्षाला ५२५० रुपये खातो.

याउलट रास्पबेरी पाय यासारखा एका पाटीवरचा संगणक घ्या. ही पाटी २०१२ साली इंग्लंडमध्ये शाळकरी मुलांसाठीच प्रथम विक्रीस आली. एखादी लहान घनस्थिती डिस्क जोडून असा सर्व्हर सरासरी ६ वॅटमध्ये चालतो असे धरू. मग वर्षाला सुमारे ५२ युनिट आणि सव्वापाचशे रुपये. काम तेच, वीज एक दशांश.

एका युनिटला पाणी किती?

पाचशे युनिट म्हणजे नेमके काय, हे बिलावरच्या आकड्यावरून मनाला भिडत नाही. पनवेलच्या वाचकांसाठी त्याचे एक उत्तम माप जवळच उपलब्ध आहे. पनवेलहून पुण्याकडे जाताना खोपोलीला डोंगरावरून उतरणारे मोठे नळ दिसतात. लोणावळा, वळवण आणि शिरवटा या तलावांचे पाणी त्यातून खाली येते आणि टाटांच्या जलविद्युत केंद्रातील चक्रे फिरवते. हे केंद्र १९१५ साली सुरू झाले आणि त्याची वीज प्रथम मुंबईच्या कापड गिरण्यांना मिळाली.

पाणी साधारण ५०० मीटर उंचीवरून येते. एक घनमीटर, म्हणजे १००० लिटर पाण्याचे वस्तुमान १००० किलोग्रॅम. त्याची स्थितिज ऊर्जा वस्तुमान, गुरुत्व त्वरण आणि उंची यांच्या गुणाकाराइतकी, म्हणजे १००० × ९.८ × ५०० = ४९ लाख ज्यूल. चक्रे आणि जनित्र मिळून यातील ८५ टक्के ऊर्जा विजेत रूपांतरित होते असे धरले, तर एका युनिटसाठी सुमारे ८६५ लिटर पाणी पाचशे मीटर खाली यावे लागते.

म्हणजे कोपऱ्यातील ६० वॅटच्या संगणकासाठी वर्षाला सुमारे साडेचार लाख लिटर पाणी घाटावरून खाली उतरवावे लागेल. दहा हजार लिटरचे ४५ टँकर! आणि ६ वॅटच्या पाटीसाठी साडेचार टँकर पुरतील.

अर्थात हे केवळ माप झाले. पनवेलच्या घरांत येणारी महावितरणची वीज अनेक केंद्रांतून येते आणि त्यातील मोठा वाटा कोळशाच्या केंद्रांचा असतो. आपल्याकडील कोळशाच्या केंद्रात एका युनिटला साधारण सहाशे ते सातशे ग्रॅम कोळसा लागतो. त्या मापाने ५२५ युनिट म्हणजे वर्षाला तीनशे किलोहून अधिक कोळसा. पाणी निदान चक्र फिरवून पाताळगंगेत जाते आणि पुढे उपयोगी पडते. जळलेल्या कोळशाचे तसे नाही.

आणि पाण्याची वीजही फुकट नसते. टाटांच्याच मुळशी धरणासाठी मावळातील गावे व भातशेती पाण्याखाली जाणार होती, म्हणून १९२१ साली तेथील शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. सेनापती बापट यांनी त्याचे नेतृत्व केले. धरण झालेच, आणि त्या पाण्यावर रायगड जिल्ह्यातील भिरा येथील वीजकेंद्र चालू लागले. बटण दाबताना या गोष्टी आठवून आपण दुःखी व्हावे असे नाही. पण आपल्या विजेसाठी कोणीतरी, कोठेतरी काहीतरी दिलेले असते एवढे भान असावे.

वीज जाते कोठे?

आता भौतिकशास्त्राकडे वळू. तेच काम एक यंत्र ६० वॅटमध्ये करते आणि दुसरे ६ वॅटमध्ये, हे कसे?

पहिले कारण म्हणजे प्रोसेसर. त्यात अब्जावधी सूक्ष्म स्विच असतात. प्रत्येक स्विच उघडमीट करताना एक अतिसूक्ष्म धारित्र भरतो आणि रिकामा होतो. यात खर्च होणारी शक्ती वारंवारतेच्या सम प्रमाणात, परंतु विद्युतदाबाच्या वर्गाच्या सम प्रमाणात असते. यातील ‘वर्ग’ हा शब्द महत्त्वाचा आहे. समजा, वारंवारता निम्मी केली आणि दाब तोच ठेवला. शक्ती निम्मी झाली खरी, पण कामाला वेळ दुप्पट लागला. त्या कामापुरती ऊर्जा तितकीच राहिली! परंतु वारंवारता कमी केल्यावर दाबही कमी करता येतो. तो ०.८ पट केला तर शक्ती ०.५ × ०.६४, म्हणजे ०.३२ पट होते. वेळ दुप्पट धरूनही ऊर्जा ०.६४ पट, म्हणजे ३६ टक्क्यांची बचत. मोबाइलसाठी बनलेले प्रोसेसर याच तत्त्वावर काटकसरीने वाढलेले आहेत आणि लहान पाट्यांवर तीच जात वापरलेली असते.

दुसरे कारण म्हणजे वीजपुरवठ्याची पेटी. जुन्या संगणकात बहुधा ४५० वॅट क्षमतेची पेटी असते. अशी पेटी दोनशे-अडीचशे वॅटच्या भाराला चांगली काम करते. वीस-तीस वॅटच्या भाराला तिची कार्यक्षमता घसरते, कारण तिचे स्वतःचे काही खर्च भार कमी झाला तरी कमी होत नाहीत. दोन माणसांसाठी एस.टी.ची पूर्ण बस सोडावी तसाच हा प्रकार. म्हणून ‘मोठी पेटी असलेली बरी’ हा दुकानातला सल्ला येथे उपयोगाचा नाही.

तिसरे कारण म्हणजे डिस्क. फिरणारी साडेतीन इंची डिस्क केवळ फिरत राहण्यासाठी पाच ते आठ वॅट घेते, कारण तिच्या चकत्या हवेला घुसळत असतात. अडीच इंची डिस्कला एक-दोन वॅट पुरतात. घनस्थिती डिस्कमध्ये फिरणारे काहीच नसल्याने ती काम नसताना एक वॅटहूनही कमी घेते.

आणि चौथे म्हणजे सर्व्हरच्या आसपासचा गोतावळा. वीज गेली तर संगणक बंद पडू नये म्हणून आपण यूपीएस लावतो. तो यूपीएस २३० व्होल्टच्या विजेची बॅटरीसाठी १२ व्होल्ट करतो, वीज गेल्यावर पुन्हा २३० करतो, आणि संगणकातील पेटी त्याची परत १२ व ५ व्होल्ट करते. प्रत्येक फेऱ्यात काही ऊर्जा उष्णतेच्या रूपाने गळते, आणि वीज असतानाही यूपीएस स्वतःसाठी काही वॅट घेत राहतो. सहा वॅटच्या सर्व्हरला असा यूपीएस म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. राउटरसाठी मिळणारा लहान १२ व्होल्टचा बॅटरी-पुरवठा येथे अधिक योग्य ठरतो. तो राउटरला थेट चालतो. पाटीला मात्र ५ व्होल्ट लागतात, म्हणून तेवढे देणारी जोडणी त्याला आहे ना, हे घेताना पाहावे.

हे सारे वॅट शेवटी उष्णताच होतात. ६० वॅटचा संगणक म्हणजे खोलीत ६० वॅटची शेगडी. पनवेलच्या मे महिन्यात ही शेगडी कोणाला हवी आहे? खोलीत वातानुकूलन असेल तर ती उष्णता बाहेर काढायला आणखी वीज लागते.

हिशेब उलटतो कोठे?

येथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, ‘मग जुना संगणक भंगारात द्यावा आणि नवी पाटी घ्यावी, हेच ना?’ नाही. घाई करू नका. आता दुसरा प्रश्न विचारायचा: तास किती?

शाळेचे उदाहरण घ्या. शाळा वर्षाला २३० दिवस आणि दिवसाला ६ तास भरते असे धरू. म्हणजे सर्व्हर १३८० तासच लागतो. रात्री दोन वाजता शाळेच्या ग्रंथालयात विकिपीडिया वाचायला कोणी येत नाही. शाळेचा जुना ६० वॅटचा संगणक घंटेबरोबर चालू आणि घंटेबरोबर बंद केला, तर वर्षाला ८३ युनिट होतात. सतत चालणाऱ्या नव्या पाटीचे ५२ युनिट आपण वर पाहिलेच. फरक फार उरला नाही! ती पाटीही घंटेबरोबर बंद केली तर तिचे सुमारे ८ युनिट. म्हणजे नव्या खरेदीने शाळेची बचत ७५ युनिट, अर्थात साडेसातशे रुपये. पाटी, डिस्क, पुरवठा मिळून १० हजार रुपये खर्च धरला, तर तो भरून यायला तेरा वर्षे लागतील. तेवढी वर्षे ती पाटीही टिकेलच असे नाही.

घरी जर सर्व्हर खरोखरच दिवसरात्र हवा असेल, तर बचत वर्षाला ४७३ युनिट, म्हणजे ४७३० रुपये. तेच १० हजार रुपये दोन-सव्वादोन वर्षांत भरून येतात. यंत्रे तीच दोन, पण घरासाठी निर्णय एक आणि शाळेसाठी नेमका उलटा! काटकसर यंत्रात नसते, वापरात असते, हे यावरून ध्यानात येईल. शिवाय नवी पाटी बनवायलाही ऊर्जा आणि खनिजे खर्च झालेली असतात. म्हणून चालू असलेली वस्तू टाकून देण्याआधी हा हिशेब मांडलाच पाहिजे.

या दोहोंमधला एक मार्गही आहे आणि माझ्या मते तो पुष्कळ घरांना सर्वांत सोयीचा आहे: पडदा फुटलेला जुना लॅपटॉप. लॅपटॉप बॅटरीवर चालण्यासाठीच घडवलेला असल्याने पडदा बंद असताना तो साधारण दहा-पंधरा वॅटमध्ये भागवतो. बॅटरी शाबूत असेल तर यूपीएस आतच असतो. मात्र बॅटरी फुगलेली दिसली तर ती ताबडतोब जाणत्याकडून काढून टाकावी.

मापा, मग बोला

आतापर्यंतचे ६० आणि ६ हे आकडे मी धरलेले आहेत. तुमच्या यंत्राचे आकडे तुम्हीच मापले पाहिजेत, आणि त्यासाठी महागडे उपकरण लागत नाही. घरच्या इलेक्ट्रॉनिक वीजमीटरवर एक लहान तांबडा दिवा लुकलुकतो. मीटरच्या पाटीवर एका युनिटला किती लुकलुक होतात ते छापलेले असते. पुष्कळ मीटरवर हा आकडा ३२०० असतो. तसे असेल तर दोन लुकलुकींच्या मधले सेकंद मोजा आणि ११२५ ला त्या संख्येने भागा. उत्तर वॅटमध्ये येईल. (३६ लाख ज्यूल भागिले ३२०० म्हणजे ११२५ ज्यूल, हे तुम्ही पडताळून पाहा.)

घरातील मोठ्यांच्या संमतीने दहा मिनिटे फ्रिजसह सर्व उपकरणे बंद करा आणि फक्त सर्व्हर चालू ठेवा. ६० वॅटचा संगणक असेल तर दिवा दर पावणेएकोणीस सेकंदांनी लुकलुकेल. ६ वॅटची पाटी असेल तर एका लुकलुकीसाठी तीन मिनिटांहून अधिक वाट पाहावी लागेल. ही वाट पाहणे हाच या प्रयोगातील खरा धडा आहे. मग सर्व्हर बंद करून पुन्हा मोजा. सर्व काही बंद असूनही दिवा लुकलुकत असेल, तर घरात कोणीतरी गुपचूप वीज खात आहे. रिमोटने ‘बंद’ केलेला सेट-टॉप बॉक्स पुष्कळदा जवळजवळ चालू असल्याइतकीच वीज घेत राहतो.

एक सूचना मात्र गंभीरपणे पाळा. वीजपुरवठ्याची पेटी कधीही उघडू नका. २३० व्होल्ट हे प्रत्यावर्ती दाबाचे परिणामी मूल्य असते. त्याचे शिखर सुमारे ३२५ व्होल्ट असते आणि पेटीतील धारित्र तेवढ्या दाबाला भरलेले असते. प्लग काढल्यावरही ते काही काळ तसेच राहू शकते.

मोठे आणि लहान

आता एका रास्त आक्षेपाला उत्तर दिले पाहिजे. जुलै २०२० मध्ये पनवेलजवळ योट्टा कंपनीच्या एका प्रचंड डेटा सेंटरचे उद्‌घाटन झाले. त्याची क्षमता ७२०० रॅक आणि ५० मेगावॅट अशी जाहीर करण्यात आली होती. खोपोलीच्या केंद्राची स्थापित क्षमता ७२ मेगावॅट आहे, हे लक्षात घ्या. गिरण्यांच्या काळात ज्या आकाराच्या वीजकेंद्राने मुंबईचे उद्योग चालवले, त्या आकाराची शक्ती आज एका इमारतीतील संगणकांसाठी राखून ठेवावी लागते! आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या २०२५ मधील अहवालानुसार २०२४ साली जगातील डेटा सेंटर्सनी सुमारे ४१५ अब्ज युनिट, म्हणजे जगातील एकूण विजेच्या सुमारे दीड टक्का वीज वापरली. मग आपल्या ५४ वॅटच्या बचतीने काय होणार?

याचे पहिले उत्तर गणिती आहे. एक लाख घरांत ६० वॅटचा एकेक संगणक सतत चालला तर ६ मेगावॅट, म्हणजे खोपोलीच्या क्षमतेचा बारावा हिस्सा.

दुसरे उत्तर प्रामाणिकपणाचे आहे. घरचा सर्व्हर डेटा सेंटरपेक्षा नेहमीच काटकसरी असतो, असा दावा मी करणार नाही. डेटा सेंटरमध्ये थंडावा राखण्यावर जादा वीज जाते हे खरे. पण तेथील एक यंत्र हजारो लोकांचे काम करते, तर आपला सर्व्हर बहुतेक वेळ रिकामाच बसलेला असतो. म्हणून आपल्या रिकाम्या बसण्याची किंमत शक्य तितकी कमी हवी. सहा वॅटचा रिकामा बसलेला नोकर परवडतो, साठ वॅटचा नाही.

तिसरे उत्तर मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. डेटा सेंटरमध्ये तुमच्या फोटोला किती ज्यूल लागले हे तुम्हाला कधीही दिसणार नाही. घरच्या सर्व्हरमध्ये ते दिसते, मोजता येते आणि कमी करता येते. ज्याने एकदा स्वतःचा सर्व्हर मीटरवर मोजला, तो पुढे इंजिनिअर होवो, नगरसेवक होवो वा शिक्षक होवो, ‘किती वॅट आणि किती तास’ हा प्रश्न विचारल्यावाचून राहणार नाही. पन्नास मेगावॅटच्या इमारतींना हा प्रश्न विचारणारी माणसे आपल्याला हवीच आहेत.

शिक्षक बंधुभगिनींना विनंती अशी की, शाळेत सर्व्हर उभारायचा झाल्यास तो संगणक कक्षाचा विषय न मानता नववी-दहावीच्या विज्ञानाचा प्रयोग मानावा. विद्यार्थ्यांनी दर आठवड्याला युनिटची नोंद करावी आणि आलेख काढून तो सर्व्हरच्या शेजारीच भिंतीवर लावावा. महत्त्वाच्या माहितीची दुसरी प्रत एका वेगळ्या डिस्कवर घेऊन ती कपाटात ठेवावी. कपाटातील डिस्क शून्य वॅट घेते आणि वीज कोसळली तरी सुरक्षित राहते.

आणि विद्यार्थी मित्रहो, यादी करायला बसाल तेव्हा प्रोसेसर, मेमरी, डिस्क यांच्याही आधी एक भाग लिहा. तो दहा-वीस रुपयांना मिळतो आणि त्याच्याइतकी वीज दुसरा कोणताही भाग वाचवत नाही. तो म्हणजे बंद करण्याचे बटण.